नाव घ्यायचं राहून गेलं

पुस्तकाला कव्हर नव्हतं म्हणून घेतलं, खोटं कशाला सांगू. २००४ सालची गोष्ट. मी बावीस वर्षांचा, नुकतं इंजिनिअरिंग संपवलेलं, मुंबईला इंटरव्ह्यूला आलेलो आणि इंटरव्ह्यू पडलेला. फ्लोरा फाउंटनच्या बाजूला फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असायचे त्यात हात घातला तर 'मॉरिस', ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाची दोन पुरुषांच्या प्रेमावरची कादंबरी. नाव माहीत होतं, पुण्यात तासाला वीस रुपये घेणाऱ्या सायबर कॅफेत, पडदा लावलेल्या केबिनमध्ये बसून जी काही माहिती मिळवायचो त्यात वाचलेलं. कव्हर शाबूत असतं तर त्यावर नक्की दोन पोरं असती आणि मग ते घरी नेता आलं नसतं. पण कव्हर गेलेलं, पहिली दोन पानंही गेलेली, त्यामुळे ते कुठलंही इंग्रजी पुस्तक असू शकत होतं. तीस रुपये. डेक्कन क्वीनच्या जनरल डब्यात उभ्याने वाचायला सुरुवात केली, कर्जतला वडा खाल्ला आणि पुढे लोणावळ्यापर्यंत मान वर केली नाही.

आणि शेवट वाचून चक्क वैतागलो. म्हटलं हे काय, हा काय पिक्चर आहे का. दोन पुरुष, एक शेअरबाजारात दलाली करणारा सुखवस्तू साहेब आणि एक जमीनदाराच्या जंगलाची राखण करणारा पोरगा, दोघं सगळं सोडून एकत्र निघून जातात आणि कुणी मरत नाही?

कुणी मरत नाही याचा राग यावा इतकी सवय होती मला. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' होतं, १९८१ साली रंगमंचावर आलेलं. फार धाडसी नाटक, त्यात काही वाद नाही, पण त्यातली मित्रा, बाईवर प्रेम करणारी, शेवटी जीव देते. म्हणजे आमच्यासारख्यांची गोष्ट सांगायची तर ती तिकडेच संपणार हे मी न सांगता गृहीत धरलेलं. त्यामुळे फॉर्स्टरसाहेबांचा सुखांत मला फसवणूक वाटला.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉरिस हॉल हा अगदी साधा माणूस आहे. ही मला आता पुस्तकातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. हुशार नाही, कलाकार नाही, कविता करत नाही, थोडा मठ्ठच म्हणा. शाळा सोडताना मास्तर डुसी त्याला समुद्रकिनाऱ्यावर नेऊन वाळूत काठीने आकृत्या काढून स्त्रीपुरुष संबंध समजावतो, आणि मग बरंच पुढे गेल्यावर मागे बघून घाबरतो की अरे त्या पुसायच्या राहिल्या, मागून बायामाणसं फिरायला येतायत. सगळा इंग्लंड त्या एका प्रसंगात आलाय. पुढे केंब्रिज. तिथे वर्गात ग्रीकमधून भाषांतर चाललेलं असताना प्राध्यापक एका जागी सपाट आवाजात सांगतात की हे गाळा, ग्रीकांच्या त्या न उच्चारण्यासारख्या दुर्गुणाचा उल्लेख आहे. क्लाइव्ह डरॅम नावाचा हुशार, जमीनदार घरातला मुलगा त्याला प्लेटो वाचायला देतो, आणि मग एक दिवस सांगून टाकतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. मॉरिसची पहिली प्रतिक्रिया काय, तर 'काहीतरी काय बोलतोस', आपण इंग्रज आहोत वगैरे. नंतर रात्री खिडकीतून चढून त्याच्या खोलीत जातो तो भाग वेगळा.

तीन वर्षं टिकतं. पण क्लाइव्हला प्रेम हवंय ते प्लेटोच्या पुस्तकातलं, शरीर नको. आणि मग तो ग्रीसला जातो, त्या पडक्या नाट्यगृहात बसतो आणि तिथून पत्र टाकतो: माझ्या इच्छेविरुद्ध मी नॉर्मल झालोय, माझा इलाज नाही.

नॉर्मल झालोय. हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय म्हणून सांगू.

क्लाइव्हबद्दल नंतर बोलतो, कारण ते जरा माझ्याही अंगाशी येणारं आहे.

मॉरिस मग फॅमिली डॉक्टरकडे जातो. शेजारचेच डॉक्टर बॅरी, लहानपणापासून ओळखतात. त्याला स्वतःसाठी शब्दच नाहीये, म्हणून म्हणतो की मी त्या लेखकाच्या, ऑस्कर वाइल्डच्या जातीचा आहे. डॉक्टर म्हणतात, मूर्खपणा, असलं काही बोलायचं नाही पुन्हा. संपलं कन्सल्टेशन. मग हिप्नॉटिस्ट. तो बिचारा त्यातल्या त्यात सज्जन, दोन सेशननंतर हात टेकतो आणि सांगतो की बाबा रे, फ्रान्स किंवा इटलीत जाऊन राहा, तिकडे हा गुन्हा नाही. मॉरिस विचारतो की इंग्लंडमध्ये कधी असं होईल का, तर तो म्हणतो की मनुष्यस्वभाव मान्य करायचा इंग्लंडला पहिल्यापासूनच कंटाळा आहे.

गुन्हा म्हणजे खरोखरचा गुन्हा. १८८५ च्या कायद्यानुसार दोन पुरुषांमधलं कुठलंही 'घोर असभ्य वर्तन', घराच्या चार भिंतीत असलं तरी, दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, वाटल्यास सक्तमजुरीसकट. १८९५ साली वाइल्डला हीच शिक्षा झाली, फॉर्स्टर तेव्हा सोळा वर्षांचा होता. असे संबंध गुन्हा ठरवणारं आपल्याकडचं कलम ३७७ तर त्याही आधीचं, १८६० च्या दंडसंहितेतलं. म्हणजे मी कर्जतला वडा खात ते पुस्तक वाचत होतो तेव्हा इंग्लंड त्यातून कधीच सुटलेलं आणि आम्ही साहेबाने ठेवलेली वस्तू तशीच जपून वापरत होतो.

पुस्तक कसं सुचलं ती कथा मला पुस्तकाइतकीच आवडते. १९१३ मध्ये फॉर्स्टर डर्बीशायरमधल्या मिलथॉर्प गावी एडवर्ड कार्पेंटरला भेटायला गेला. कार्पेंटर म्हणजे केंब्रिजची नोकरी सोडून भाजीपाला पिकवणारा, पायातल्या सँडल स्वतः बनवणारा विक्षिप्त म्हातारा, आणि तो जॉर्ज मेरिल नावाच्या शेफिल्डच्या गरीब वस्तीतल्या माणसाबरोबर १८९८ पासून उघड राहत होता. त्या काळात, त्या कायद्याच्या नाकावर टिच्चून. तर या मेरिलने फॉर्स्टरला सहज पाठीच्या खाली, कमरेच्या जरा खालच्या अंगाला हात लावला. बस. फॉर्स्टरने म्हातारपणी लिहून ठेवलंय की तो स्पर्श कमरेतून थेट डोक्यातल्या कल्पनांत शिरला, मध्ये विचारबिचार काही लागला नाही. आई तेव्हा हॅरोगेटला औषधी पाण्याचे उपचार घेत होती, तो तिच्याकडे परत गेला आणि लगेच लिहायला बसला. आई शेजारच्या खोलीत आणि हा असलं काहीतरी लिहितोय, हे चित्र मला फारच ओळखीचं वाटतं.

१९१४ मध्ये कादंबरी लिहून झाली. छापली १९७१ ला, तो गेल्यावर एका वर्षाने. सत्तावन्न वर्षं ड्रॉवरमध्ये. मधे मधे काढायचा, दुरुस्त्या करायचा, विश्वासातल्या मित्रांना वाचायला द्यायचा. चरित्रकार लिटन स्ट्रॅची, जो स्वतः त्यातलाच, त्याने वाचून सांगितलं की हे दोघं फार तर सहा आठवडे टिकतील. (मित्र असावेत तर असे.) पुढे फॉर्स्टरच्या कागदांत त्या हस्तलिखितावर त्याच्याच हातची एक टीप सापडली, मतलब असा की छापता येईल, पण तेवढं मोल आहे का त्याचं?

आणि ती सत्तावन्न वर्षं तो गप्प होता असंही नाही, 'अ पॅसेज टु इंडिया' १९२४ ला आली, पण तिथेच कादंबरी लिहिणं थांबलं. पुढची सेहेचाळीस वर्षं निबंध, भाषणं, चरित्र, सगळं केलं पण कादंबरी नाही. १९११ च्या डायरीतच त्याने लिहून ठेवलंय की मला लिहायला परवानगी असलेला एकच विषय आहे, बाईपुरुषांचं प्रेम, आणि त्याचा मला कंटाळा आलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या मुठीत किती कादंबऱ्या गुदमरल्या देव जाणे.

आता इथे जरा आडवाटेला जातो, कारण ही गोष्ट मराठी माणसाला सांगितलीच पाहिजे. १९२१ साली हा फॉर्स्टर देवासच्या महाराजांचा खाजगी सचिव होता. देवास म्हणजे माळव्यातलं पवारांचं मराठा संस्थान, एका गावात दोन गाद्या, हा थोरल्या पातीकडे, महाराज तुकोजीराव तिसरे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. तिथली गोकुळाष्टमी त्याने जवळून पाहिली आणि ती जशीच्या तशी 'पॅसेज'च्या शेवटच्या भागात गेली, प्रोफेसर गोडबोले झांज घेऊन 'तुकाराम, तुकाराम, तूच माझा बाप, माय आणि सगळं' असं गातायत. गोडबोले आणि तुकाराम, आणि लिहिणारा केंब्रिजचा. पण माझ्या कामाची गोष्ट पुढची आहे. दरबारात त्याचं एका न्हावी पोराशी जमलं, कुजबुज झाली, आणि हा घाबरून महाराजांपुढे जाऊन सगळं कबूल करून मोकळा झाला. महाराजांनी हाकललं नाही. समजून घेतलं, काय करावं काय करू नये याची सोय बघितली. ती हकीकतही त्याच्या मृत्यूनंतरच छापली गेली, आणि ती वाचून त्या पोराबद्दल वाईटच वाटतं, कारण साहेब साहेबासारखाच वागलाय, शेवटी शेवटी हातही उगारलाय. तेव्हा संत वगैरे नव्हता आपला लेखक. पण ज्या माणसाला आपल्या देशात ब्र काढायची सोय नव्हती त्याला देवासच्या मराठा राजापुढे तोंड उघडता आलं, हे मला विलक्षण वाटतं. पुढे त्याच देवासला कुमार गंधर्व राहिले. काही गावांना असतं काहीतरी.

असो. परत मॉरिसकडे.

क्लाइव्हच्या पेंज नावाच्या इस्टेटीवर मॉरिस पाहुणा म्हणून राहतोय, क्लाइव्हचं ॲनशी लग्न झालंय, तो आता निवडणुकीच्या तयारीत. रात्री मॉरिस खिडकीतून बाहेर अंधारात बघून नुसतं 'ये' म्हणतो, कुणालाच नाही, आणि ॲलेक स्कडर, तो राखणदार, शिडी लावून वर येतो. नंतर भीती, संशय, आपल्याला ब्लॅकमेल करणार की काय. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये दोघं भेटतात, बाहेर पाऊस, आत ते असिरियन दगडी बैल, आणि दोघं हलक्या आवाजात एकमेकांना धमक्या देतायत. आणि तिथे कोण उगवावं तर डुसी मास्तर, तोच वाळूत चित्रं काढणारा. मॉरिसला ओळखतो पण नाव चुकवतो. आणि मॉरिस शांतपणे म्हणतो, नाही, माझं नाव स्कडर.

हे मी बावीसाव्या वर्षी वाचलं तेव्हा काही वाटलं नव्हतं. खोटं नाव सांगितलं, एवढंच. तिशीनंतर दुसऱ्यांदा वाचताना एकदम थांबलो. अरे, हा तर उखाणा आहे. आपल्यात नव्या नवरीला सगळ्या बायका कोंडाळं करून म्हणतात ना, नाव घे, नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही. त्याने नाव घेतलं. अख्ख्या पुस्तकात 'गाळा', 'बोलू नकोस', 'उच्चारू नये' असं चाललेलं असताना, चारचौघात, आपल्या मास्तरासमोर. प्रेमाची कबुली ॲलेकला देण्याआधी त्याने त्याचं नाव लावलं. फॉर्स्टरला उखाणा माहीत असायचं कारण नाही, तेव्हा तर तो देवासच्या नोकरीवरही गेला नव्हता.

आपल्या भाषेत नाव न घेण्याची सोय फार जुनी आणि फार छान आहे. 'आमचे हे', 'घरचे', 'इकडून'. ही सोय बायकांवर लादलेली होती पण मला विचाराल तर आमच्यासारख्यांच्या फार कामाला आली. ऑफिसात तेरा वर्षं मी 'घरी विचारून सांगतो' म्हणतोय, कुणी विचारत नाही घरी कोण.

क्लाइव्ह. टाळत होतो, पण येतो.

२०१० साली माझा साखरपुडा झाला. आठ ठिकाणी कांदेपोहे खाऊन झालेले (त्यातले दोन ठिकाणचे खरोखर चांगले), आईची तब्येत, ताईचं 'अरे आता किती थांबायचं', आणि २००९ ला दिल्ली हायकोर्टाने ३७७ चं कंबरडं मोडलं तेव्हा पेपर वाचून मी संडासात जाऊन रडलो होतो तरीही, हो, तरीही, वर्षभराच्या आत मी एका शाळेत शिकवणाऱ्या अतिशय सरळ मुलीच्या बोटात अंगठी घातली. कुणी बंदूक लावली नव्हती. मला वाटलं होईल, जमेल, सगळ्यांचं जमतं. माझ्या इच्छेविरुद्ध नॉर्मल. कार्यालय बुक झालं, पत्रिका छापायला जायच्या आदल्या आठवड्यात मी तिला वैशालीत बोलावून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'साखरपुड्याच्या आधी सांगायला काय झालं होतं?' याला आजही माझ्याकडे उत्तर नाही. कॉफीचे पैसे तिने दिले.

त्यानंतर पुस्तक काढून वाचलं आणि पहिल्यांदा लक्षात आलं की शेवट जंगलात होतच नाही. मला वर्षानुवर्षं आठवत होतं की शेवटी ते दोघं निघून जातात. जातात, पण आपण ते बघत नाही. मॉरिस अंधारात क्लाइव्हला सगळं सांगतो आणि दिसेनासा होतो, मागे नुसत्या फुलाच्या पाकळ्या. आणि शेवटचं वाक्य क्लाइव्हचं आहे, तो घरात परत जातो, प्रुफं तपासायला आणि ॲनपासून खरं कसं लपवावं ते ठरवायला. म्हणजे सुखी माणसांना लेखकाने नजरेआड केलं आणि वाचकाला लपवणाऱ्याच्या घरात बसवून ठेवलं. ॲनला तर पुस्तकात कुणी काही विचारतच नाही. बायकांच्या बाबतीत पुस्तक कच्चंच आहे, मॉरिस आपल्या बहिणीशी, एडाशी, ज्या दुष्टपणाने वागतो ते वाचवत नाही, आणि लेखकालाही त्याचं पुरेसं वाईट वाटलेलं दिसत नाही. ॲलेकही मला जरा जास्तच सोयीचा वाटतो, जहाजाचं तिकीट काढलेला माणूस अर्जेंटिनाला जायचं सोडून बोटहाउसमध्ये वाट बघत बसतो. पण क्लाइव्ह? क्लाइव्ह अस्सल उतरलाय. आजही लग्नाच्या कुठल्याही हॉलमध्ये शेरवानी घालून उभा असतो.

१९६० साली फॉर्स्टरने पुस्तकाला शेवटची टीप जोडली. त्यात तो म्हणतो की सुखांत हवाच होता, नाहीतर लिहिण्याचे कष्टच घेतले नसते, आणि पोरगा फासाला लटकताना संपवलं असतं तर छापायलाही अडचण आली नसती. म्हणजे गुन्हा प्रेमाचा नव्हताच, प्रेम करून धडधाकट राहण्याचा होता! हे वाचल्यावर डेक्कन क्वीनमधल्या त्या बावीस वर्षांच्या पोराची मला लाज वाटली. त्याच टीपेत दोन गोष्टी आणखी आहेत. एक, की आता लोकांत अज्ञान आणि भीती जाऊन ओळख आणि तुच्छता आली, एवढाच फरक. (ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप डोळ्यासमोर आणा.) आणि दुसरी, की कायदा बदलणं कठीण आहे, तोवर न्यायासनावर बसलेला क्लाइव्ह पिंजऱ्यातल्या ॲलेकला शिक्षा ठोठावत राहील, मॉरिस कदाचित सुटेल. मॉरिसकडे पैसे आहेत ना. इंग्लंडचा कायदा १९६७ ला बदलला, फॉर्स्टर तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता, तरी पुस्तक ड्रॉवरमध्येच राहिलं.

आमचं म्हणाल तर २०१३ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ३७७ परत जिवंत केलं त्याच महिन्यात आम्ही दोघं वाकडला फ्लॅट शोधत होतो. टायमिंग बघा. बॅचलर्सना देत नाही, बॅचलर्सना देत नाही, सगळीकडे तेच. शेवटी एका मालकाला सांगितलं आम्ही मावसभाऊ. हे फार विचार करून ठरवलेलं, चुलतभाऊ म्हटलं तर आडनाव एक लागतं, मावसभावांना ती अट नाही. २०१८ च्या ६ सप्टेंबरला ३७७ गेलं, आम्ही पेढे आणले आणि शेजारी द्यावे तर कशाचे म्हणून सांगावे हे न सुचल्याने आठवडाभर स्वतःच खाल्ले. आज त्रेचाळिशी ओलांडली, अजून सोसायटीत आम्ही मावसभाऊच. स्ट्रॅचीच्या सहा आठवड्यांना बारा वर्षं होऊन गेली तरी.

फॉर्स्टरने आधी एक उपसंहार लिहिला होता तो नंतर काढून टाकला. त्यात काही वर्षांनी मॉरिसची धाकटी बहीण किटी हिला जंगलात दोन लाकूडतोडे भेटतात. एक तिचा भाऊ. ज्यांनी वाचलं त्या कुणालाच आवडला नाही म्हणे, शिवाय मधे महायुद्ध येत होतं, त्यात ते दोघं कुठले टिकायला. बरोबरच होतं काढणं. पण मला त्या बहिणीचं काय झालं हे पुस्तकातल्या बाकी कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त जाणून घ्यावंसं वाटतं.

गेल्या मे महिन्यात ताईच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. साताऱ्याला घरीच कार्यक्रम, सगळ्या जोड्यांना धरून धरून नाव घ्यायला लावलं, सत्तरीच्या काकांनीही लाजत लाजत घेतलं. माझ्यापाशी आल्यावर कुणीतरी म्हणालं, 'याला सोडा, हा बिनलग्नाचा.' तो माझ्या शेजारीच बसलेला, हातात बासुंदीची वाटी. उखाणा मला येत होता. जुळवून ठेवलेला, कधीचा.

परवा ताईचा फोन आला. आईच्या साड्या ट्रंकेत नुसत्या पडून आहेत, ओळखीच्या मावशी गोधड्या शिवून देतात, तुला एक करते म्हणाली. मी म्हटलं कर की. जरा थांबली. पाठीमागे कुकरची शिट्टी झाली.

'पलंग केवढा आहे रे तुमचा?'

'सहा बाय सव्वासहा.'

'बरं,' ती म्हणाली, 'मग साड्या जास्त लागतील.'